फौजदाराचं पाणी

वहिनी न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्सची माणसं तिला स्ट्रेचरवर घालून दाराबाहेर काढत होती, तेव्हा तिनं नणंदेचा हात घट्ट धरला. आता ही काहीतरी निरवानिरवीचं बोलणार, असं नणंदेला वाटलं. वहिनी म्हणाली, "वन्सं, नरांवर लक्ष ठेवा. दिवस मोठे व्हायला लागलेत."

आणि गाडीचं दार लागलं.

नणंदेला सगळी गल्ली मास्तर म्हणे. जन्मभर त्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर होत्या. कापडाच्या थप्पीवर खडूनं रेघ ओढायची, पातं फिरवायचं, की एका दमात ढीगभर बाह्या. बाई कशी मास्तर, असं विचारणारे केव्हाच विचारून दमले होते. निवृत्त झाल्यावर त्या थोरल्या भावाच्या घरी वरच्या मजल्यावर राहायला आल्या. मग भाऊ गेला आणि घरात दोघीच उरल्या. दोघींत भांडण असं कधी नव्हतं, पण माया ऊतू जात होती असंही नाही. खालचं स्वयंपाकघर वहिनीचं, वरची खोली मास्तरांची, आणि मागचं अंगण बदकांचं.

ती बदकं वहिनीनं नवरा गेल्यानंतर आणली. वास येतो म्हणून मास्तरांनी आपली अंगणाकडची खिडकी लावून घेतली, ती आजतागायत. वहिनी रोज उजाडताना चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसे. मास्तरांची समजूत अशी, की सकाळी सकाळी नणंदेचं तोंड बघायला लागू नये म्हणून ती तिथं जाते.

आता खिडकी उघडून भागणार नव्हतं. अंगणातच उतरायला हवं होतं.

पाच बायका आणि तीन बाप्ये, असा वहिनीचा हिशेब. बाप्यांत सगळ्यात मोठा तो पांढराशुभ्र, छाती काढून चालणारा फौजदार. त्याच्या मागं मागं सावलीसारखा फिरणारा खाकी रंगाचा, म्हणून तो हवालदार. तिसरा अंगानं बेताचा, डोक्यावर पिसांचा गोल झुबका, टोपीला गोंडा लावावा तसा. त्याचं नाव गोंड्या. बायकांत एक म्हातारी आजीबाई, एक तपकिरी अंगावर काळे ठिपके असलेली ठिपकी, आणि बाकीच्या तिघी सदा एकमेकींना चिकटून असत, म्हणून त्या जावा.

पहिल्या दिवशी मास्तरांना एवढंच कळलं, की अंगणातला सगळा कलकलाट बायकांचा आहे. नरांना आवाजच नव्हता. घसा बसलेल्या माणसासारखे ते नुसते खसखसत. शेपटीवर एक पीस मात्र वर वळलेलं, जणू कुणीतरी कात्रीच्या पात्यावर ओढून त्याला कुरळं केलंय. एवढं धूड आणि आवाज असा, याचं मास्तरांना हसू आलं.

ते हसू दुसऱ्या सकाळीच मावळलं. त्यांनी खुराड्याचं दार उघडलं मात्र, फौजदार मान जमिनीबरोबर लांब करून सुटला. ठिपकी पळाली. कुंपणाच्या कोपऱ्यात त्यानं तिला गाठलं, मानेची पिसं चोचीत धरली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. तिचं तोंड चिखलात गेलं. तो उतरतो न उतरतो तोच हवालदार चढला. मास्तर हातातली बादली टाकून धावल्या. खराट्याचे दोन तडाखे बसले तेव्हा कुठं नर बाजूला झाले, तेही फार लांब गेले नाहीत. ठिपकी उठली. तिच्या मानेमागं पिसं उरलीच नव्हती, आणि उघड्या कातडीवर रक्त होतं.

कारखान्यात भर उन्हाळ्यात गळ्याला रुमाल गुंडाळून येणाऱ्या बायका मास्तरांनी पाहिल्या होत्या. रुमालाखाली काय आहे ते न सांगता कळत असे. त्यांनी ठिपकीला काखेत घेतलं, आत आणलं आणि दवाखान्यात फोन लावला.

"वहिनी, तुझा फौजदार मी खाटकाकडे देतेय."

वहिनीनं विचारलं, "ठिपकीला धरलं का?"

"तुला कसं कळलं?"

"ती अंडी घालायला लागली की असंच करतो मेला. वन्सं, द्यायचा तर द्या. मी इथून काय अडवणार? पण आधी फौजदार आणि हवालदार दोघांना बायकांपासून वेगळं काढा. एकत्रच ठेवा. बायका नजरेआड झाल्या की ते गुण्यागोविंदानं राहतात."

"हे गुंड? गुण्यागोविंदानं?"

"बघा तर खरं. आणि गोंड्याला बायकांतच राहू द्या."

"का? तो नर नाही?"

"आहे ना. पण तो विचारतो."

"काय विचारतो?" मास्तरांनी विचारलं. पण फोन बंद झाला होता, नर्सनं काढून घेतला असावा.

दुपारी पशुवैद्य बाई आल्या. वयानं लहान, बोलायला रोखठोक. त्यांनी जखम धुतली, मलम लावलं, ठिपकीचे पाय हलवून पाहिले. मग अंगणात जाऊन सगळा कळप निरखला.

"पाच माद्यांना तीन नर म्हणजे चैनच आहे की," त्या म्हणाल्या. "एक पुरे झाला."

"एरवी गरीब असतात म्हणे. मग आत्ताच कसं अंगात येतं यांच्या?"

"उजेडामुळं. दिवस लांबले की उजेड पक्ष्यांच्या कवटीतून आत झिरपतो. डोळे झाकले तरी मेंदूला कळतं, की दिवस मोठा झाला. आणि मेंदूला कळलं की सगळं रक्तच बदलतं."

मास्तरांनी वर पाहिलं. साधं ऊन होतं, धुणं वाळायला बरं पडेल असं. "माणसाच्या डोक्यात उजेड पडला की तो शहाणा होतो म्हणतात," त्या म्हणाल्या. "यांचं उलटंच दिसतंय."

पशुवैद्य बाई हसल्या. पण मास्तरांना पुरतं हसू येईना. मांडीवरच्या ठिपकीच्या डोक्यावर बोट फिरवत त्यांनी विचारलं, "आणि हिनं काय करायचं? नुसतं सोसायचं?"

"नुसतं नाही." पशुवैद्य बाईंचा आवाज जरा उतरला. "मादीची आतली वाट सरळ नसते, मास्तर. तिला पीळ असतात. मधूनच फुटणाऱ्या बंद गल्ल्या असतात. जबरदस्ती झाली तर ती वाट आवळून धरते, आणि नराचं बी बहुतेक वेळा त्या गल्ल्यांतच अडकून राहतं. तिच्या मर्जीनं झालं तर वाट मोकळी. त्यामुळं पिल्लं बहुधा तिला हव्या असलेल्या नराचीच होतात."

मास्तरांचं बोट थांबलं. सबंध आयुष्य त्यांनी कापडावर वळणं आखली होती. बाहीचा मुंढा कुठं खोल घ्यायचा, चुणी कुठं दडवायची, सगळं त्यांच्या हातात होतं. पण या मूठभर जिवाच्या पोटात हे वळण कुणी बेतलं असेल? कुठल्या टेबलावर? ठिपकी आपली मांडीवर बसून चहाच्या बशीतलं पाणी चोचीनं ढवळत होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि सगळं तिच्याकडंच होतं.

"आणि पाणी करा," जाता जाता पशुवैद्य बाई म्हणाल्या. "अंगणातल्या त्या टबात नुसते पाय ओले होतात. जमिनीवर नराचा सगळा भार तिच्या पाठीवर येतो. खोल पाणी असलं की तो भार पाणी उचलतं. आणि नकोच असेल तर ती बुडी मारून निघून जाते."

मास्तर कामाला लागल्या. अंगणाचा एक कोपरा त्यांनी जाळी ठोकून वेगळा केला, जाळीला बाहेरून जाड कॅनव्हास शिवून टाकला आणि त्या बराकीत फौजदार-हवालदारांची रवानगी केली. दोघांनी संध्याकाळपर्यंत येरझारा घातल्या. दुसऱ्या दिवशी मात्र ते एकाच टोपल्यातलं खाऊन एकमेकांच्या पाठीवर चोच टेकून झोपले. वहिनीचं खरं निघालं. एवढे आडदांड गडी, आणि मध्ये एक कापड आलं तर पोरांसारखे शहाणे! मास्तरांना या कापडाचं नवल वाटत राहिलं. दृष्टीआड सृष्टी म्हणतात, ती अशी.

ठिपकीसाठी त्यांनी गणवेशाच्या उरलेल्या जाड कापडाचं पाठीवरचं जाकीट बेतलं. बदकाचं माप घेणं म्हणजे उकळत्या पाण्याचं माप घेण्यासारखं. टेप लावावा तिथं मान नसे, मान सापडावी तर पंख सुटत. शेवटी जाकीट झालं. पंखांखालून इलॅस्टिक, मानेमागं दुहेरी कापड. ते घालून ठिपकी अंगणात आली तेव्हा तिघी जावांनी तिला असं न्याहाळलं, की मास्तर एकट्याच खो खो हसत सुटल्या.

राहिलं पाणी. न्हाणीघरात धरायला दांडे बसवायचे म्हणून प्लंबरला बोलावलंच होतं. त्याला मास्तरांनी अंगणात नेऊन खडूनं जमिनीवर आकार काढून दाखवला. दोन पलंग शेजारी शेजारी मांडावेत एवढा, एका टोकाला उथळ, दुसऱ्या टोकाला कमरेइतका खोल.

"मास्तर, मी नळ बसवतो," प्लंबर म्हणाला. "समुद्र नाही बसवत."

"समुद्राचं मी बघते. तू नुसता खड्डा खण."

त्यानं कुरकुरत, पण रेघ न मोडता खणला. तळाला वाळू घातली. ट्रकवर टाकतात तसल्या ताडपत्रीचे तुकडे मास्तरांनी दुहेरी शिवणीनं जोडले, शिवणीवर डांबर फासलं. सगळं अंथरून नळी सोडली तेव्हा प्लंबर काम संपलेलं असूनही काठावर उकिडवा बसून राहिला. पाणी चढत चढत काठाशी आलं आणि त्यात आभाळ उतरलं. "गळत नाही हो," तो पुटपुटला, जणू गळायलाच हवं होतं.

बदकांनी मात्र पाण्याकडं पाठ फिरवली. दिवसभर एकही फिरकलं नाही. मास्तर चिडून झोपल्या.

सकाळी त्या चहा घेऊन मागच्या पायरीवर आल्या. ऊन अजून भिंतीवरून खाली उतरायचं होतं. पाण्यात ठिपकी होती. अंघोळीसाठी जाकीट आदल्या संध्याकाळीच काढलेलं, त्यामुळं मानेमागचा तो उघडा डाग आणि त्यावर फुटलेले नव्या पिसांचे काटे दिसत होते. तिच्यापासून हातभर अंतरावर गोंड्या. मास्तरांनी सवयीनं खराटा जवळ ओढला.

गोंड्यानं मान उभी केली, मग खाली. चोच पाण्याला लागली न लागली की परत वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. घाई नाही. डोक्यावरचा झुबका दर वेळी हलायचा. तो जागचा सरकला नाही. ठिपकी दुसरीकडंच बघत होती. बराच वेळ तिनं त्याला दाद दिली नाही, आणि बराच वेळ तो आपला मान हलवत राहिला.

मग ठिपकीची मान हलली. एकदाच, थोडीशी.

मास्तरांनी कप पायरीवर ठेवला.

आता ठिपकी वळली. तिनं मान खाली घेतली, वर केली. त्यानंही केली. आधी मागंपुढं, मग एकदम एका तालात. कारखान्यात शेजारशेजारच्या दोन यंत्रांच्या सुया कधीकधी आपोआप एका लयीत येतात, तेव्हा मास्तर हातातलं काम थांबवून ऐकत. तसंच हे, फक्त अजिबात आवाज नव्हता. दोन माना, चोचींवरून निथळणारं पाणी, आणि भोवती पसरत जाणारी वर्तुळं. दोघांची वर्तुळं मध्यावर मिळत होती, एकमेकांतून आरपार जात होती, आणि मोडत नव्हती.

ठिपकीनं अंग पाण्यावर पसरलं, अगदी सपाट, आणि मान पुढं लांबवली. गोंड्या जवळ आला. त्यानं मानेची पिसं धरली ती डागाच्या खालची, शाबूत असलेली. ती पाण्यात निम्मी बुडाली आणि पाण्यानं दोघांनाही धरलं. फार वेळ लागला नाही. तो उतरला, मान ताणून पाण्याबरोबर लांब केली आणि तिच्याभोवती एक मोठं वर्तुळ पोहत गेला, एखाद्या देवाला प्रदक्षिणा घालावी तसा. ठिपकीनं अंग वर उचललं, पंख झटकले, आणि ते थेंब नुकत्याच उतरलेल्या उन्हात असे उडाले की मास्तरांनी डोळे बारीक केले.

किती वेळ त्या तशा बसल्या होत्या कुणास ठाऊक. चहावर साय धरली होती. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नव्हती. आपण कुणाच्या तरी फार जुन्या घरात पाहुणे म्हणून आलोय आणि त्यांनी आपल्याला काही न बोलता बसू दिलंय, असं काहीसं वाटलं.

त्यांनी फोन केला. "वहिनी, विचारलं त्यानं."

पलीकडं वहिनीला सगळं कळलं. "मान हलवली?"

"हो."

"दोघांनी?"

"दोघांनी."

वहिनीचा आवाज जरा ओलसर झाला. "टबात नीट होत नाही हो त्यांचं. अर्धवट राहतं. मला एकदाच बघायला मिळालं होतं, पावसानं अंगणात तळं साचलं होतं तेव्हा. म्हणून तर रोज जाऊन बसते पायरीवर, पुन्हा दिसेल म्हणून. तुम्हाला हाक मारावीशी वाटायची. पण म्हटलं, वन्संना वास आवडत नाही."

"तू लवकर ये घरी," मास्तर म्हणाल्या.

वहिनी घरी आली ती वॉकर घेऊन, एकेक पाऊल मोजत. तिनं आधी अंगण गाठलं. पाणी पाहिलं, बराक पाहिली, जाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं आणि आतली शिवण बोटानं चाचपली. मग म्हणाली, "फौजदाराला सोडा."

"काय? अगं, ठिपकीची मान आत्ता कुठं भरत आलीये."

"ठिपकी पाण्यात आहे ना? सोडा. खराटा घेऊन उभ्या राहा हवं तर."

मास्तरांनी नाखुशीनं बराकीची जाळी उघडली आणि हवालदाराला आतच अडवलं. फौजदार बाहेर आला, थबकला, आणि पाणी दिसताच धावतच त्यात घुसला. त्यानं असलं खोल पाणी जन्मात पाहिलं नव्हतं. तरीही डोळा ठिपकीवरच. मान लांब करून तो तिच्या अंगावर गेला. मास्तरांनी खराटा उचलला. वहिनीनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "थांबा."

ठिपकी नव्हती.

पाण्यावर नुसता एक भोवरा होता आणि त्याच्या मधोमध फौजदार, चोचीत काही नाही. त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. ठिपकी पार दुसऱ्या टोकाला वर आली, डोकं झटकलं आणि पोहत राहिली. तो पुन्हा गेला. ती पुन्हा बुडाली. या खेपेला मास्तरांना पाण्याखालून जाताना ती दिसली. पंख अंगाला मिटलेले, पाय मागं, आणि अंगाभोवती हवेचे चांदीसारखे मणी. चिखलात तोंड रुतलेली ती हीच, यावर विश्वास बसेना. जमिनीवर फेंगडी फेंगडी चालणारी ही बाई खाली अशी होती तर!

आणखी दोनदा तसंच झालं. मग फौजदार पाण्याच्या मध्यावर नुसता तरंगत राहिला. एवढं मोठं धूड, पण कुठं ठेवावं ते न कळलेल्या सामानासारखं. काठावरून आजीबाई पाण्यात उतरली आणि सावकाश त्याच्या समोरून गेली.

फौजदाराची मान वर झाली. थांबली. मग खाली आली.

"अगं बाई," वहिनी कुजबुजली.

ती हालचाल फार अवघडलेली होती. गोंड्याचा डौल तिच्यात नव्हता. मध्येच विसरल्यासारखा तो थांबायचा, मग पुन्हा सुरू करायचा. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. अंड्यातून टबात आणि टबातून चिखलात आलेला तो. मग हे त्याच्यात कुठं होतं इतके दिवस? आजीबाईनं त्याला बराच वेळ ताटकळत ठेवलं, आणि मग म्हाताऱ्या माणसानं होकार द्यावा तशी एकदा मान डोलावली.

फौजदार सुधारला वगैरे काही नाही. त्याच संध्याकाळी त्यानं काठावर एका जावेला धरलं आणि खराट्याचा मार खाऊन बराकीत गेला. पशुवैद्य बाईंच्या ओळखीनं हवालदाराला शहराबाहेर एका तळ्यावर जागा मिळाली, तिथं माद्या पुष्कळ होत्या. फौजदाराला ठेवून घेतलं. त्याची बराक कायम राहिली. सकाळी पाण्यात थोडा वेळ, तोही दोघींपैकी कुणीतरी समोर असेल तरच. खाटकाचं नाव मास्तरांनी पुन्हा काढलं नाही.

वॉकर घेऊन पायरीवर बसणं वहिनीला जमत नव्हतं, म्हणून मास्तरांनी वरच्या खोलीतल्या दोन खुर्च्या खाली आणून पाण्याजवळ मांडल्या. एका सकाळी ऊन उतरायच्या आधीच दोघी येऊन बसल्या होत्या. पाणी अजून काळं होतं, आणि त्यावर कुणीच नव्हतं.

"आज उशीर झाला यांना," मास्तर म्हणाल्या.

"येतील," वहिनी म्हणाली आणि आपल्या शालीचं टोक त्यांच्या गुडघ्यांवर ओढलं. खुराड्यात कुणीतरी हललं. दोघी बोलायच्या थांबल्या.